आकाशातील धूळ

वैशाखातल्या अंधाऱ्या पक्षात, बारा वाजून गेल्यावर, बिरवाडीबाहेर पडून आणि औद्योगिक वसाहतीच्या दिव्यांकडे पाठ करून दक्षिणेकडे पाहावे. वृश्चिकाच्या नांगीपाशी आकाशगंगेचा पांढुरका पट्टा वर चढत असतो आणि त्याच्या मधोमध काळी चीर गेलेली दिसते. दुसऱ्या पाळीहून घरी परतणाऱ्या पुष्कळांनी ती पाहिली असेल. तेथे तारे नाहीत असे वाटते. विल्यम हर्शेल याच्यासारख्या कसबी निरीक्षकालाही अठराव्या शतकाच्या अखेरीस तसेच वाटले. वृश्चिकातल्या अशा एका रिकाम्या जागेला त्याने आकाशाला पडलेले भोकच मानले.

हे भोक बुजवण्याचे काम ज्याने केले, तो एडवर्ड एमर्सन बर्नार्ड आम्हाला विशेष जवळचा वाटतो. अमेरिकेतील नॅशव्हिल गावी १८५७ साली जन्मलेला हा मुलगा बापाविना वाढला. शाळा जवळजवळ नाहीच. नवव्या वर्षी छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला लागला. छायाचित्रे मोठी करण्याचे एक अवजड यंत्र तेथे छपरावर होते. त्याचे तोंड दिवसभर सूर्याकडे फिरवीत राहायचे, एवढीच त्याची नोकरी. पुढे मोठमोठ्या वेधशाळांतून त्याने आकाशाची छायाचित्रे घेतली आणि १९१९ साली १८२ काळ्या खुणांची यादी छापली. या खुणा म्हणजे पोकळ्या नसून मागचा प्रकाश अडवणारे काही तरी आहे, हे मान्य करायला त्याला स्वतःलाही वर्षे लागली.

१९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर याने हिशेबाने निकाल लावला. तेजस्वितेवरून तारकागुच्छांची अंतरे काढावीत, तर दूरचे गुच्छ जवळच्यांपेक्षा आकाराने मोठे निघू लागले. जणू आमच्यापासून जितके लांब जावे तितके गुच्छ फुगत जातात! असे असणे शक्य नव्हते. प्रकाश वाटेत खाल्ला जात होता, म्हणून अंतर फाजील येत होते. खाणारी होती धूळ. तोवर काढलेली आकाशगंगेची मापे त्यामुळे पुन्हा तपासावी लागली.

धूळ या शब्दाने आमच्यासारख्याला आधी कारखाना आठवतो. दगड फोडणाऱ्याच्या, वाळूचा झोत मारणाऱ्याच्या छातीत बसते ती सिलिकाची धूळ. तिच्याशी आमचे जन्माचे भांडण आहे. आकाशातल्या धुळीतही सिलिकॉन आणि प्राणवायू यांची संयुगे आहेत, शिवाय कोळशाच्या जातीचे कण आहेत. मात्र माणसाच्या फुप्फुसाला जाचणारी सिलिका स्फटिकरूप असते, तर ताऱ्यांमधल्या पोकळीतील सिलिकेटचे कण बहुतांश अस्फटिक आहेत. आकार बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. चुलीच्या धुराशी तुलना केली तर ती अधिक शोभेल.

ही धूळ मुळात आली कोठून? विश्वाच्या आरंभी हायड्रोजन, हेलियम आणि नावापुरते लिथियम एवढेच होते असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या मालातून धुळीचा एक कणही होत नाही. कार्बन, प्राणवायू, सिलिकॉन, लोखंड हे सारे ताऱ्यांच्या भट्टीत शिजले. म्हातारे तारे फुगतात, बाहेरचा वायू सोडू लागतात. तो निवत निवत हजार-दीड हजार अंशांच्या आसपास आला की धुराड्यात काजळी धरावी तसे कण धरतात. काही तारे स्फोट होऊन मरतात. फेब्रुवारी १९८७ मध्ये असा एक स्फोट दक्षिण आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसला. २०११ साली हर्शेल याच्याच नावाच्या अवकाश-दुर्बिणीने त्याच्या अवशेषात सूर्याच्या वस्तुमानाच्या निम्म्याच्या आसपास धूळ मोजली. या धुळीच्या आडोशाला वायू थंड राहतो, तिच्या कणांवर हायड्रोजनचे अणू जोडीने बांधले जातात, आणि तशा ढगातूनच नवे तारे व ग्रह होतात. ऑस्ट्रेलियात १९६९ साली मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत सूर्याच्याही आधी जन्मलेले कण सापडले. अजूनही वर्षाला पाच हजार टनांच्या आसपास असली बारीक धूळ जमिनीपर्यंत पोचते, असा अंटार्क्टिकातील बर्फ वितळवून केलेला अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला. आमच्या कौलांवरही त्यातला वाटा पडत असणार.

आता आपल्या माणसाकडे वळू. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी स्थिर विश्वाची बाजू मांडली: विश्वाला आरंभ नाही. पण १९६५ साली सर्व दिशांनी सारखे येणारे, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे तीन अंश तापमानाचे प्रारण सापडल्याचे जाहीर झाले, आणि ही महास्फोटाची उरलेली ऊब होय असे बहुमत झाले. हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये सुधारलेला सिद्धान्त मांडला, त्यात या उबेचे उत्तर धुळीवर सोपवले. त्यांचा हिशेब असा की सगळे हेलियम ताऱ्यांतच झाले असे धरले, तर त्यातून निघालेली ऊर्जा या प्रारणाच्या ऊर्जेशी जवळजवळ जुळते. तेव्हा ती ताऱ्यांचीच असावी, धुळीने गिळून लांब लहरींच्या रूपाने परत दिलेली. साध्या कणांना हे काम झेपत नाही. म्हणून त्यांनी लोखंडाच्या सुया पुढे केल्या: लांबी मिलिमीटरभर, जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. धातूची वाफ सावकाश निवली की अशा सुया धरतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे.

आम्ही प्रथम ही बाजू उचलून धरली ती, खरे सांगायचे तर, माणूस आपला म्हणून. युनियनमध्ये राहून अल्पमताची सवय झाली होती, हेही एक कारण. वाचीत गेलो तसे अवघड झाले. १९८९ साली सोडलेल्या कोबे उपग्रहाने मोजलेला त्या प्रारणाचा आलेख इतका काटेकोर निघाला, की ठिकठिकाणच्या धुळीने तो नेमका तसाच साधावा हे पटणे कठीण. पुढे त्यातील सूक्ष्म चढउतारांचा नमुना महास्फोटाच्या गणिताशी जुळला. नारळीकरांची बाजू टिकली नाही असे आम्हाला आज वाटते. पण बहुमतवाल्यांनाही धुळीने एकदा चांगलाच हिसका दिला. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीच्या चमूने विश्वाच्या पहिल्या क्षणातील गुरुत्वलहरींची खूण सापडली असे जाहीर केले. पुढल्या वर्षी प्लांक उपग्रहाची मापे जोडून पाहिली, तेव्हा ती बहुतांशी आपल्याच आकाशगंगेतील धूळ निघाली.

हॉईल आणि विक्रमसिंगे तर त्याही पुढे जाऊन धुळीबरोबर जीवाणूही प्रवास करतात म्हणत. पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक असलेल्या नारळीकरांनी यावर वाद घालीत न बसता फुगे सोडवले. हैदराबादेहून २००१ आणि २००५ साली ४१ किलोमीटर उंचीपर्यंत निर्जंतुक पोलादी नळ्या गेल्या आणि तेथली हवा भरून आल्या. तपासणी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत झाली. २००९ मध्ये जीवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीला हॉईल यांचे नाव दिले. त्या बाहेरून आल्या असे मात्र या प्रयोगाने सिद्ध झाल्याचे सांगितले गेले नाही. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले, तोवर त्या जीवाणूंचा मूळ गाव ठरलेला नव्हता.