हँगिंग गार्डनच्या पोटातलं पाणी

आपल्यापैकी बहुतेकांनी मलबार हिलचं हँगिंग गार्डन पाहिलेलं आहे. शाळेची सहल असो, की गावाहून आलेल्या पाहुण्यांना मुंबई दाखवायची असो, तिथली झुडपं कापून केलेली जनावरं आणि समोरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट ठरलेलाच! पण त्या हिरवळीच्या खाली महानगरपालिकेची पाण्याची प्रचंड टाकी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पूर्वी मुंबई विहिरी-तलावांवर जगायची. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं त्याच काळातली. तलाव बुजले, नावं तेवढी उरली. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने आलं, १८७९ मध्ये तुळशीचं आणि १८९२ मध्ये तानसाचं. लांबून आलेलं पाणी उंचावर साठवलं की ते आपल्या उताराने घरोघर पोचतं. म्हणून १८८० च्या दशकात मलबार हिलच्या माथ्यावर ही टाकी बांधली. पाण्यावर ऊन आणि घाण पडू नये म्हणून ती वरून झाकलेली, आणि त्या छपरावर माती टाकून बाग केली. पुढे तिला फिरोजशहा मेहतांचं नाव दिलं. माझगावला भंडारवाड्याच्या टाकीवरही अशीच बाग आहे.

या टाकीत सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावतं. कुलाबा, फोर्ट, गिरगाव, ग्रँट रोड या भागांना तिथून पाणी जातं. आता टाकी जुनी झाली. दुरुस्तीसाठी रिकामी करावी, तर एवढ्या वस्तीचं पाणी बंद ठेवणार किती दिवस? म्हणून पालिकेने ती पाडून मोठी टाकी बांधायचं ठरवलं. त्यात ३८९ झाडं जाणार होती आणि बागही काही वर्षं बंद राहणार होती. रहिवाशांनी विरोध केला. मग २०२३ च्या अखेरीस तज्ज्ञांच्या समितीने टाकीची आतून पाहणी केली. त्यातल्या आयआयटीच्या प्राध्यापकांचं म्हणणं पडलं की, पाडायची गरज नाही, टप्प्याटप्प्याने दुरुस्ती करता येईल.

मला यातली एक गोष्ट फार पटते. वाद घालायच्या आधी कुणीतरी आत उतरून पाहिलं!

आपली इमारतही आता पंचवीस वर्षांची झाली. गच्चीवर आपण कोजागिरी करतो, तळटाकीच्या झाकणाशेजारी पोरं क्रिकेट खेळतात. खेळू देत, जागा त्यासाठीच आहे. पण वर्षातून दोनदा टाक्या रिकाम्या करून भिंती, सळया, गळती नीट बघायला हवी, आणि त्याची नोंद कार्यालयात राहायला हवी. रिपेअर की रिडेव्हलपमेंट, हा प्रश्न आज ना उद्या जनरल बॉडीपुढे येणारच. त्या दिवशी ती नोंद टेबलावर असली, म्हणजे झालं.