पटवर्धनी दप्तर : हक्काचा पुरावा आणि इतिहासाचे साधन

जुन्या घराण्यांनी कागद जपले ते इतिहासासाठी नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. सनद हरवली की इनाम गेले, तैनात जाबता हरवला की सरंजामाच्या हिशेबात वाद उभा राहिला, वाटणीपत्र हरवले की भाऊबंदकी पेटली. म्हणून कागद रुमालात बांधले गेले, रुमालांवर चिठ्ठ्या लागल्या आणि दप्तराची खोली वाड्यातल्या देवघराइतकीच सांभाळली गेली. ज्या कागदांना आपण आज ‘साधने’ म्हणतो, ते त्या काळी हक्काचे पुरावे होते. या दृष्टीने कृष्णाकाठच्या पटवर्धन घराण्याच्या दप्तराकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. सीमाभागातील आपल्या अनेक कुटुंबांचा त्या घराण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आला आहे, हेही त्यामागचे एक कारण आहे.

या घराण्याचा मूळपुरुष हरभट पटवर्धन. रत्नागिरीकडील कोतवडे गावचा हा भिक्षुक ब्राह्मण इचलकरंजीकर घोरपड्यांचा कुलोपाध्याय झाला. त्याच्या मुलांपैकी गोविंद हरी, रामचंद्र हरी आणि त्र्यंबक हरी यांनी पळी-पंचपात्र सोडून तलवार धरली. राक्षसभुवनच्या लढाईनंतर, १७६४ च्या सुमारास, थोरल्या माधवरावांनी या घराण्यास सुमारे आठ हजार स्वारांचा सरंजाम नेमून दिला. मिरज हे त्याचे मुख्य ठाणे. हा सरंजाम कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दरम्यानच्या प्रदेशात होता, यात मोठे राजकारण होते. एका बाजूस कोल्हापूर, दुसऱ्या बाजूस हैदर अली, आणि मधल्या वाटेवर पटवर्धन. दौलतीची दक्षिणेकडील वेसच जणू या घराण्याच्या हाती सोपविली गेली.

सरंजाम म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. फौज बाळगण्याच्या खर्चापोटी लावून दिलेला तो मुलखाचा वसूल होता. चाकरी चुकली तर तो जप्त होऊ शकत असे. यामुळेच सरंजामदाराच्या घरी कागदांची रास जमत असे. किती स्वार हजेरीस आले, घोडी किती पडली, कमाविसदाराने किती भरणा केला, देसाई-नाडगौडांचे हक्क किती वजा झाले, सावकाराचे व्याज किती चढले, हे सर्व लिहून ठेवणे भाग होते. त्याच्याच जोडीला छावणीतून घरी आणि घरून छावणीत रोजची पत्रे जात. पुण्यातील कारभाऱ्यांकडून दरबारची बातमी येई. जहागिरीचा हिशेब आणि राज्याचे राजकारण असे एकाच दप्तरात, पुष्कळदा एकाच रुमालात, शेजारी शेजारी येऊन बसले.

हे दप्तर उजेडात आणण्याचे श्रेय वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) यांचे. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या या शिक्षकाने १८९७ मध्ये ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढण्यास आरंभ केला. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यानंतरचा, १८९८ चा. मोडी पत्रांवर बहुधा चंद्राची तारीख आणि महिना असतो, साल नसते. ते साल मजकुरावरून ताडावे लागते. शास्त्रीबुवांनी पत्रे काळाच्या क्रमाने लावली आणि त्यांच्या आधारे सलग हकिकत सांगणाऱ्या प्रस्तावना लिहिल्या. हाती नाव, पैसा वा सरकारी पाठबळ फारसे नसताना त्यांनी हे काम अखेरपर्यंत चालविले, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पुत्राने ते पुढे नेले.

या पत्रांची किंमत एका उदाहरणावरून कळते. १७९० च्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूच्या ताब्यातील धारवाडला वेढा घातला. किल्लेदार बद्रुज्जमानखान चिवट निघाला आणि किल्ला १७९१ च्या एप्रिलमध्ये हाती आला. भाऊंच्या सोबत कॅप्टन लिटल याची इंग्रज पलटण होती. तिच्यातील एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने मोहिमेचे वर्णन लिहून १७९४ मध्ये लंडनला छापले. मराठी लेखसंग्रह नसता तर या वेढ्याकडे आपण मूरच्याच डोळ्यांनी पाहिले असते, आणि मराठ्यांची रीत म्हणजे दिरंगाई व अव्यवस्था असेच समजून बसलो असतो. पटवर्धनी पत्रांमुळे त्याच छावणीची दुसरी बाजू बोलू लागते. पैसा, दारूगोळा, दाणावैरण आणि पुण्याची मर्जी या सगळ्यांची ओढाताण सांभाळत सेनापती कसा वागतो, हे तेथे दिसते.

पण दप्तराची खरी कसोटी गौरवाच्या प्रसंगी लागत नाही, ती लाजेच्या प्रसंगी लागते. याच मोहिमेत, १७९१ मध्ये, पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा शारदामठ लुटला. १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे आर. नरसिंहाचार यांना शृंगेरीच्या मठात टिपूची कानडी पत्रे सापडली आणि या घटनेची चर्चा सर्वत्र झाली. ती नाकारण्याची सोय आपल्याला नाही, कारण पटवर्धनांच्या घरच्या पत्रांतही तिचा उल्लेख आहे. लूट करणारे लमाण आणि पेंढारी होते, असे त्यांतून दिसते. तरीही ते फौजेबरोबरचेच होते, म्हणून जबाबदारी टळत नाही. घराण्याने हे कागद फाडले नाहीत आणि शास्त्रीबुवांनी ते लपविले नाहीत, याचा आम्हांस अधिक अभिमान वाटतो. याच घराण्याची ‘हरिवंशाची बखर’ही शास्त्रीबुवांनी प्रसिद्ध केली आहे. बखर पूर्वजांचे पराक्रम सांगते. दप्तर पराक्रम सांगते, कर्ज सांगते आणि चूकही सांगते. पुरावा म्हणून ठेवलेला कागद मालकाची स्तुती करण्यासाठी लिहिलेला नसतो. त्याची विश्वसनीयता येथून येते.

१७९९ च्या सप्टेंबरात पट्टणकुडीच्या लढाईत कोल्हापूरकरांशी लढताना परशुरामभाऊ पडले. पुढे चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीची गादी वेगळी केली. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये इंग्रजांनी पटवर्धनांच्या शाखांशी निरनिराळे करार केले, आणि १८२० मध्ये एकट्या मिरजेचे चार वाटे झाले. त्यांतील दोन वारसाअभावी १८४२ व १८४५ मध्ये खालसा झाले, तासगावही १८४८ मध्ये गेले. दक्षिण महाराष्ट्रात १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. त्या काळात ज्याच्याजवळ कागद होता त्याचे वतन वाचण्याची आशा होती. ज्याच्याजवळ नव्हता त्याला पिढ्यांची वहिवाट सांगूनही उपयोग होत नसे. दप्तराला एवढे महत्त्व त्यापूर्वी कधी आले नसेल.

मार्च १९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यानंतर वतने आणि इनामेही कायद्याने गेली. कागदांचे कायदेशीर काम संपले, आणि तेथूनच त्यांना खरा धोका निर्माण झाला. ज्याच्यावर हक्क अवलंबून नाही, तो रुमाल कोण उन्हात घालणार? वाडे विकले गेले, वाटण्या झाल्या, मोडी वाचणारी पिढी निघून गेली. वाळवी आणि रद्दीवाला यांनी उरलेले काम केले.

येथे एक गोष्ट आम्हांस आवर्जून सांगावयाची आहे. लेखसंग्रहात प्राधान्य राजकीय पत्रांना मिळाले, आणि त्या काळी ते स्वाभाविक होते. लढाया आणि तह यांचा क्रम प्रथम लावणे आवश्यक होते. परंतु त्यामुळे ‘पत्र म्हणजे इतिहास आणि हिशेब म्हणजे रद्दी’ असा समज घराघरांत रुजला. वास्तविक गावाचा ताळेबंद, देवस्थानचा नेमणुकीचा जाबता, बाजाराच्या जकातीची कीर्द यांतच रयतेचे नाव सापडते. पटवर्धनी मुलखाचा मोठा भाग कानडी बोलीचा होता. जमखंडी आज बागलकोट जिल्ह्यात आहे. शहापूर, जे बेळगाव शहराचाच भाग होऊन गेले आहे, सांगली संस्थानात होते. मोडीत लिहिलेल्या हिशेबात कानडी गावांची, नाडगौडांची, विणकरांची आणि व्यापाऱ्यांची नावे येतात. दोन भाषांची माणसे एका कारभारात कशी नांदली, हे भाषणांपेक्षा या कोरड्या आकड्यांतून अधिक खरेपणाने कळेल.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या जुन्या कुटुंबांचे पूर्वजही असेच कोणाच्या तरी सरंजामाचे फडणीस, पोतनीस, कमाविसदार वा शिलेदार म्हणून तेथे गेले. त्यांच्या माळ्यावरच्या पेटीत एखाद्या थोर पुरुषाचे पत्र नसेलही. खरेदीखत, घोड्याच्या दाण्याचा हिशेब, लग्नाच्या खर्चाची यादी एवढेच असेल. तेवढेही पुरेसे आहे. रुमाल सोडताना त्यातील कागदांचा क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता हीही एक माहितीच असते. छायाचित्रे घ्यावीत, घराण्याची ओळख लिहून ठेवावी, मोडी जाणणाऱ्यास दाखवावे आणि शक्य झाल्यास मूळ कागद एखाद्या विश्वासू संशोधन संस्थेकडे द्यावेत. नको असलेले निवडून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. काय नको, हे ठरविण्याचा अधिकार आपल्या पिढीला नाही.

मिरजेच्या एका शाळामास्तराने शेजारच्या वाड्यांतील रुमाल सोडले आणि महाराष्ट्राला अर्ध्या शतकाचा इतिहास मिळाला. ते रुमाल त्या दिवसापर्यंत वाड्यात शाबूत होते, म्हणून हे शक्य झाले. आपल्या घरातील पेटीबाबत एवढीच जबाबदारी आपल्यावर आहे.