मेक्सिकोतील भांगेचे गावरान वाण : निर्मिती, निर्मूलन आणि जतन

मक्याच्या बाबतीत मेक्सिकोने आपला वारसा नोंदवून ठेवला. १९५० च्या दशकाच्या आरंभी वेलहाउसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मक्याच्या २५ प्रमुख जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिमिट’ या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राच्या बीजपेढीत मक्याचे हजारो नमुने जतन करण्यात आले. त्याच डोंगरउतारांवर, कित्येकदा मक्याच्याच आडोशाने, घेतल्या गेलेल्या दुसऱ्या एका पिकाची मात्र अशी नोंद झाली नाही. ते पीक म्हणजे भांग. तिच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा मिळतो. या पिकाचे गावरान वाण विसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्मिळ झाले. त्याचे कारण म्हणून सहसा सरकारी बंदीकडे बोट दाखवले जाते. ते खोटे नाही. परंतु बंदीइतकाच बाजाराच्या आवडीनिवडीचाही त्यात वाटा होता, असे या इतिहासाच्या मांडणीतून दिसून येते.

‘गावरान’ या शब्दाने येथे फसगत होण्याचा संभव आहे. भांग ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती नव्हे. स्पॅनिश सत्तेबरोबर ती मेक्सिकोत आली, आणि तीही नशेसाठी नव्हे, तर दोर व शिडाच्या कापडाला लागणाऱ्या तंतूसाठी. (मराठीत ज्याला ताग म्हणतात ती वनस्पती निराळी, तिचा भांगेशी संबंध नाही.) १५४५ मध्ये स्पेनच्या राजाने अमेरिकेतील वसाहतींत भांगेची लागवड करण्याचे फर्मान काढले. तंतूचा हा उद्योग तेथे फारसा भरभराटीला आला नाही. वनस्पती मात्र टिकली आणि मूलनिवासींच्या औषधोपचारात शिरली. १७७२ मध्ये होसे आन्तोनियो आल्साते या विद्वान धर्मगुरूने एका टिपणात, मूलनिवासी ‘पिपिल्त्सिन्त्सिन्त्ली’ या नावाने जे द्रव्य वापरतात ते भांगच होय, असे प्रतिपादन केले. त्याचा परिणाम सैतानी नसून नैसर्गिक आहे, हा त्याचा मुद्दा होता. ते नाव मुळात दुसऱ्याच वनस्पतीचे असावे, असे काही आधुनिक अभ्यासकांना वाटते. तरीही, अठराव्या शतकात दोराची भांग औषधाची भांग झाली होती, याची साक्ष म्हणून आल्सातेचे टिपण महत्त्वाचे ठरते.

म्हणजे ज्या वाणांना आज प्राचीन समजले जाते, त्यांचे वय फार तर काही शतकांचे आहे. यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही. उलट, इतक्या अल्पावधीत एका परक्या झाडाला डोंगरवस्तीतील शेतकऱ्यांनी आपल्या हवापाण्याचे कसे करून घेतले, हा प्रश्न त्यामुळे अधिक लक्षवेधी होतो.

भांगेचे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. अकापुल्को आणि आपली सांगली ही दोन्ही शहरे सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. तेथील दिवसमानात उन्हाळा व हिवाळा यांतील अंतर थोडे असते आणि कडाक्याची थंडी लवकर येत नाही. त्यामुळे गेरेरो, वाहाका, मिचोआकान या दक्षिणेकडील प्रांतांतील वाण उंच, अरुंद पानांचे आणि उशिरा पक्व होणारे झाले. ही निवड कोणा शास्त्रज्ञाने केलेली नाही. कोणत्या झाडाचे बी पुढच्या पेरणीसाठी राखायचे हे शेतकरी ठरवीत गेला आणि खोऱ्याखोऱ्यांतून वाण वेगळा होत गेला. भांगेत नर आणि मादी झाडे बहुधा स्वतंत्र असतात व परागीभवन वाऱ्याने होते. म्हणून डोंगरांनी वेगळ्या पडलेल्या खोऱ्यातच वाण शुद्ध राहू शकतो. ‘अकापुल्को गोल्ड’ यासारखी प्रसिद्ध नावे मात्र खोऱ्यांची नव्हेत. ती बाजाराने दिलेली आहेत, जसे येमेनच्या कॉफीला मोखा बंदराचे नाव मिळाले. शेतकऱ्यांनी आपापल्या वाणांना दिलेली नावे या व्यापारी नावांखाली झाकली गेली.

बंदी मेक्सिकोवर बाहेरून लादली गेली, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. इतिहासकार आयझॅक कॅम्पोस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोतील वृत्तपत्रे गांजाचा संबंध सैनिक, कैदी आणि वेड यांच्याशी जोडीत होती. १९२० मध्ये ‘वंशाचा ऱ्हास घडवणाऱ्या’ पदार्थांविषयीच्या नियमांद्वारे मेक्सिकोने देशभर गांजाची लागवड व व्यापार निषिद्ध केला. अमेरिकेच्या संघराज्याचा मारिहुआना कर कायदा त्यानंतर १७ वर्षांनी, म्हणजे १९३७ मध्ये आला.

तरीही शेते ओस पडली नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकी तरुणांची मागणी वाढली आणि लागवड फोफावली. सप्टेंबर १९६९ मध्ये निक्सन प्रशासनाने ‘ऑपरेशन इंटरसेप्ट’ या मोहिमेत सीमेवर कसून झडती सुरू केली. ती जेमतेम तीन आठवडे टिकली. खरा आघात १९७५ च्या अखेरीस झाला. अमेरिकेच्या साहाय्याने मेक्सिकोने भांगेच्या शेतांवर विमानातून पॅराक्वाट या तणनाशकाची फवारणी आरंभली. १९७७ पासून ‘कोन्डोर’ मोहिमेत सिनालोआ, दुरांगो व चिवावा या प्रांतांच्या डोंगराळ पट्ट्यात सैन्य उतरले. १९७८ मध्ये अमेरिकेत जप्त मालाच्या काही नमुन्यांत पॅराक्वाट आढळल्यावर ग्राहकाच्या आरोग्याविषयी मोठा गदारोळ झाला. फवारणीखालच्या वस्त्यांतील माणसांची चिंता त्या मानाने अल्पच झाली. ग्राहक कोलंबियाच्या मालाकडे वळला. एक हंगाम बुडालेल्या शेतकऱ्याकडे राखीव बी नसेल, तर तेथेच एका वाणाचा शेवट होत होता.

याच सुमारास ‘सिन्सेमिया’, म्हणजे बिनबियांचा गांजा, बाजारात मानाला चढला. नर झाडे वेळीच उपटली की मादी फुलांत बी धरत नाही. भारताला हे तंत्र नवे नव्हते. १८९३-९४ च्या भारतीय भांग आयोगाच्या अहवालात बंगालमधील नर झाडे ओळखून काढणाऱ्या जाणकारांचा उल्लेख आहे. बिनबियांच्या मालाला दर चांगला मिळे. परंतु गावरान वाणाचे सातत्य बियांवरच अवलंबून असते. जुना, बियांनी भरलेला माल हलका समजला जाई, आणि गंमत अशी की त्या हलक्या मालातील बियांमुळेच मेक्सिकोचे वाण परदेशी पोहोचले. अनेक ग्राहकांनी त्या बिया फेकून न देता पेरल्या. कॅलिफोर्निया व हॉलंडच्या अक्षांशावर ही झाडे थंडीपूर्वी पिकत नसत. म्हणून लवकर पिकणाऱ्या अफगाण वाणांशी त्यांचा संकर करण्यात आला. ‘स्कंक नंबर वन’ या संकरित वाणाच्या पूर्वजांत अकापुल्को गोल्डची गणना केली जाते. पुढे हेच संकरित बियाणे मेक्सिकोच्या डोंगरांत परत आले. त्यांचे पराग वाऱ्यावर गेले, आणि उरलेसुरले जुने वाणही भेसळले.

अशा स्थितीत जतन म्हणजे काय, हा प्रश्न अवघड होतो. थंड व कोरड्या जागी ठेवलेले बी काही वर्षे टिकते. त्यानंतर ते पुन्हा पेरावेच लागते. मोजक्याच झाडांवरून बी धरल्यास वाणातील विविधता आटते, कारण गावरान वाण म्हणजे एकसारख्या झाडांची फौज नसून विविध झाडांचा समुदाय असतो. छंदी संग्राहकांच्या तळघरात, कृत्रिम प्रकाशात, दहा-बारा झाडांवर हे काम होते तेव्हा नाव टिकते, वाण मात्र हळूहळू पालटतो. हे काम शेतातच, पुरेशा झाडांवर आणि इतर परागांपासून दूर झाले पाहिजे. परंतु मोठ्या शेतालाच कायद्याची सर्वाधिक भीती होती.

मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ पासून दिलेल्या निकालांच्या मालिकेनंतर, २८ जून २०२१ रोजी प्रौढांच्या वैयक्तिक सेवनावरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. स्वतःपुरती लागवड करण्यासाठी परवान्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. व्यापारी लागवडीचे विधेयक मात्र त्याच वर्षी दोन सभागृहांच्या दरम्यान अडकले. शहरातील सुशिक्षित अर्जदाराला परवाना मागणे शक्य झाले. गेरेरोच्या डोंगरातील शेतकऱ्याला आपल्या आजोबांनी राखलेल्या बियाण्याचे पीक उघडपणे विकण्याची सोय त्या निकालाने झाली नाही.