चित्राखालचे नाव

घरात तसबिरी लावावयाच्या म्हटले म्हणजे प्रथम देवादिकांच्या लागतात, मग वडीलधाऱ्यांच्या, आणि जागा उरलीच तर देशभक्तांच्या. गाणारी स्त्री ह्या ओळीत सहसा येत नाही. तिचे गाणे आपणांस हवे असते. तिची तसबीर बैठकीत लावावी असे मात्र वाटत नाही. ह्या उपेक्षेचा, आणि ती दूर करू पाहणाऱ्या एका प्रयत्नाचा इतिहास भगिनींपुढे थोडक्यात ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. गोव्यातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर (जन्म १८८३) ह्या भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका. उस्ताद नजीर खाँ यांच्यापाशी त्यांनी लहानपणापासून तालीम घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी राजा रविवर्मा यांनी ‘मोहिनी’सारख्या काही चित्रांसाठी त्यांनाच समोर बसविले होते, असे सांगितले जाते. रविवर्म्यांच्या छापखान्यामुळे त्यांची चित्रे घरोघर गेली. परंतु पाहणाऱ्याला तेथे दिसली ती मोहिनी, अंजनीबाई नव्हे. रूप त्यांचे, नाव दुसरीचे! पुढे १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपले सन्मान्य सदस्यत्व दिले, आणि हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तोवर त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती.

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. तेथील कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांची कीर्ती युरोपभर पसरली होती. तरीही १९३९ साली राजधानी वॉशिंग्टन येथील ‘कॉन्स्टिट्यूशन हॉल’ त्यांच्या गायनासाठी मिळू शकला नाही. कारण एकच, त्यांचा वर्ण. आणि भगिनींनो, ते सभागृह ज्या संस्थेच्या मालकीचे होते ती ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था स्त्रियांचीच होती! संस्था स्त्रियांची असली म्हणजे तिचे दार सर्व स्त्रियांना उघडे असतेच असे नाही, हा धडा आपणही लक्षात ठेवण्याजोगा आहे. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी ह्या कारणावरून त्या संस्थेचा राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्या आकाशाखाली, मॅरियनबाई गायल्या. ऐकावयास सुमारे ७५,००० लोक जमले होते.

ह्यानंतरची गोष्ट चित्रकलेची. हार्मन फाउंडेशन ह्या संस्थेने कर्तबगार कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांची व्यक्तिचित्रे काढवून घेतली आणि मे १९४४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत त्यांचे प्रदर्शन भरविले. चित्रे काढणाऱ्या दोघीही स्त्रियाच. बेट्सी ग्रेव्ह्ज रेनो ह्या गौरवर्णीय, तर लॉरा व्हीलर वॉरिंग ह्या कृष्णवर्णीय. मॅरियनबाईंचे चित्र वॉरिंगबाईंनी काढले. लाल पायघोळ पोशाखात त्या ताठ उभ्या आहेत. त्या कोणा देवतेच्या वा अप्सरेच्या रूपात नाहीत, आणि कोणाच्या चाकरीतही नाहीत. आपल्याच नावाने उभ्या आहेत. ही चित्रे पुढे कित्येक वर्षे गावोगाव फिरली. वर्णद्वेष चित्रांनी नाहीसा होत नाही हे खरे. पण ज्या भिंतीवर अशा माणसाला जागाच नव्हती, त्या भिंतीवर त्याचे नाव लागले, हेही थोडे नव्हे. १९५५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका ठरल्या. १९५७ साली त्या भारतातही येऊन गेल्या.

परदेशीच्या अन्यायाकडे बोट दाखविणे सोपे असते. आपल्या पालघर, बोईसर, तारापूरच्या परिसराकडे वळून पाहिले तर काय दिसते? वारली लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी मांडतात, आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी, गाणारी स्त्री. ‘धवळे’ हा शब्द आपल्या मराठीचाच. आद्य कवयित्री महदंबा हिची रचनाही त्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे आपल्या वाङ्मयाच्या उगमापाशी असलेला शब्द ह्या पाड्यांवर आजही जिवंत आहे. १९७० नंतर गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला कागदावर आणून जगभर नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा गौरव यथायोग्यच होय. परंतु ज्या सुवासिनींनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवर राखली, आणि ज्या धवलेरींनी ती गाऊन जागविली, त्यांपैकी किती जणींची नावे आपणांस सांगता येतील? त्यांची चित्रकला आपल्या साड्यांवर आली, पिशव्यांवर आली. त्या स्वतः मात्र आपल्या व्यासपीठावर क्वचितच आल्या.

म्हणून सुचवावेसे वाटते की, मंडळाच्या पुढील वर्षाच्या कार्यक्रमांत जवळच्या पाड्यावरील एखाद्या धवलेरीस सन्मानाने बोलवावे. तिचे गाणे बसून ऐकावे. तिची संमती असेल तर, चित्रकला जाणणाऱ्या आपल्यापैकी कोणी तिचे चित्र काढावे. ते मंडळाच्या भिंतीवर लावावे, आणि त्याखाली ‘वारली स्त्री’ असे न लिहिता तिचे पूर्ण नाव लिहावे.