फादर येण्यापूर्वी आणि गेल्यानंतर

ह्या महोत्सवी अंकासाठी धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास आम्ही बसलो, तोच पहिली अडचण उभी राहिली की, आरंभ करावा कोठून? मंदिराच्या कोनशिलेपासून करावा, तर आमच्यांतील पुष्कळ कुटुंबांची श्रद्धा त्या कोनशिलेहून वडील आहे. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मागाहून चिंचवड, भोसरी करीत यंत्रांचा खडखडाट चाकणपर्यंत पोहोचला, आणि पोटासाठी जी माणसे इकडे आली, त्यांत केंदळ, वळण, राहाता, संगमनेर ह्या बाजूंची ख्रिस्ती कुटुंबेही होती. ती येथे ख्रिस्ती होऊन आली. येथे येऊन ख्रिस्ती झाली नाहीत. तेव्हा आमचा आरंभ त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांतच शोधिला पाहिजे.

पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. त्या काळी नगर जिल्ह्यातील कार्य जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंकडे होते. एकेका फादरांच्या वाट्यास कित्येक गावे येत. साहजिकच एका गावी त्यांची पुन्हा फेरी होईपर्यंत पुष्कळ दिवस लोटत. ह्या फेरीचे वर्णन वृद्धांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकिले आहे. फादर येणार असा निरोप आला की, मास्तर शाळेची खोली शेणाने सारवून घेत. सायंकाळी मुलांची प्रश्नोत्तरांची परीक्षा होई, आणि उत्तर चुकले तर मुलापेक्षा मास्तरांचाच चेहरा उतरे! रात्री कंदिलाच्या उजेडात पापनिवेदन चाले. पहाटे त्याच खोलीत, मुलांच्या बाकावर शुभ्र वस्त्र अंथरून, पवित्र मिस्सा होई. नंतर बाप्तिस्मे, लग्नाच्या बोलण्या, एखादे भावाभावांचे भांडण, तापाचे औषध. आणि दुपार कलण्यापूर्वी फादर पुढल्या गावच्या वाटेस लागत.

ह्या मंडळींपैकी बहुतेकांस गावाने वेशीबाहेर ठेविले होते, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. परदेशचा मनुष्य आपल्या वाड्यात येतो, आपल्या घरचे पाणी पितो, ही गोष्टच त्यांना एक प्रवचन होती. आणि बाप्तिस्म्याने ते अस्पृश्यतेचे दुःख गावातून नाहीसे झाले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेविले, तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

केंदळ येथे असताना फादर हेन्री डोरिंग ह्यांनी १९०३ च्या एप्रिलात ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. पुढे १९०७ साली ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. फादर ज्या दिवशी गावात नसत, त्या दिवशी ‘निरोप्या’ असे. तो वाचून दाखविणार कोण? अर्थात मास्तरच.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि जर्मन धर्मगुरू इंग्रज सरकारच्या दृष्टीने शत्रुप्रजा ठरले. जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करण्याची मोठी छावणी अहमदनगरासच होती, हा केवढा दैवदुर्विलास! १९१५-१६ मध्ये बहुतेक जर्मन मिशनरी मायदेशी धाडले गेले. महागुरुस्वामी डोरिंग ह्यांची १९२१ साली जपानात हिरोशिमा येथे नेमणूक झाली, व ते पुण्याच्या पदावर परतले १९२७ साली. मधल्या काळात इतर धर्मगुरूंनी जमेल तितके सांभाळिले, पुढे स्विस येशूसंघीयही आले. तथापि ज्या गावी फादर क्वचितच पोहोचत, तेथे रविवारची प्रार्थना कोणी चालविली? मरणाऱ्याच्या उशाशी कोण बसले?

असेच एकदा आफ्रिकेत घडले होते. युगांडात १८७९ साली पोहोचलेले ‘शुभ्र फादर’ १८८२ मध्ये राजाच्या लहरीमुळे देश सोडून गेले. १८८५ मध्ये परत येऊन पाहतात तो, मंडळी विखुरली तर नव्हतीच, उलट वाढली होती! योसेफ मुकासा नामक राजसेवकाने व त्याच्या सोबत्यांनी ती धरून ठेविली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुकासाचा शिरच्छेद झाला. पोप सहावे पौल ह्यांनी १९६४ साली युगांडाच्या ह्या हुतात्म्यांना संतपद दिले, म्हणून मुकासाचे नाव आपणांस ठाऊक आहे.

आमच्या मास्तरांच्या मानेवर कोणी तलवार ठेविली नाही. त्यांना तुटपुंजा पगार होता, आणि सकाळी शाळा, रात्री प्रार्थना असा दिवस होता. परदेशी फादरांची नावे आम्हांस पुस्तकांत सापडतात. ज्यांनी आमच्या आजीआजोबांना ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ शिकविले, त्यांची नावे सहसा सापडत नाहीत. ह्यात धर्मगुरुवर्गाचा, म्हणजे आमचाही, दोष आहे. लेखणी आमच्याच हाती होती.

म्हणून महोत्सवाच्या ह्या वर्षी आम्ही कार्यालयात एक कोरी वही ठेविली आहे. रविवारच्या मिस्सेनंतर ती उघडी असते. आपल्या गावच्या मास्तरांचे नाव, गाव आणि आठवत असेल तर वर्ष, एवढेच लिहावयाचे आहे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगावे; आम्ही लिहून घेऊ.