मॅमोग्राफी
स्तनातील गाठ हाताला लागण्याआधीच कर्करोग ओळखण्यासाठी, लक्षणे नसलेल्या स्त्रियांचीही केली जाणारी क्ष-किरण तपासणी. तपासणीच्या दिवशी काखेत पावडर वा डिओडरंट लावू नये. त्यातील कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. प्रत्येक स्तन दोन तबकड्यांमध्ये काही सेकंद दाबून बहुधा दोन कोनांतून चित्र घेतात. दाब अनेकींना दुखतो, हे आधीच सांगितलेले बरे. पुन्हा बोलावले म्हणजे कर्करोगच असे नव्हे; बहुतेकींत तो निघत नाही. उलट दाट स्तनांत गाठ झाकलीही जाते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून स्वस्त पर्याय अभ्यासला : प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेली तपासणी. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट मिळून मात्र घट निर्णायक ठरली नाही.