बिंदू ‘ए’ पासून चित्रापर्यंत

अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो, हे आपण वर्गात दिव्याच्या उदाहरणाने शिकवतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आतून दिले जाणारे किरण याच नियमावर चालतात. स्रोत गाठीला भिडवला की गाठ होरपळते. मूत्राशय आणि मलाशय बरेचसे वाचतात.

क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधले. त्याच्या नळ्या गर्भाशयात ठेवण्याच्या पद्धती पुढे स्टॉकहोम व पॅरिसला रुळल्या. पण मात्रा मोजायची कुठे? मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९३८ मध्ये एक बिंदू ठरवला : गर्भाशयमुखापासून २ सें.मी. वर, २ सें.मी. बाजूला. हाच बिंदू ‘ए’. सोय मोठीच, पण गाठ सुपारीएवढी असो की लिंबाएवढी, बिंदू तोच!

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, तेव्हा रेडियमचेच युग होते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे. नळी हाताळणाऱ्या परिचारिकेलाही किरण लागत. म्हणून पुढे आधी पोकळ नळ्या बसवून, सारे खोलीबाहेर गेल्यावर यंत्राने स्रोत आत सरकवण्याची रीत आली. आता बहुधा इरिडियम-१९२ वापरतात. अर्धायुष्य ७४ दिवस.

युरोपीय तज्ज्ञांनी २००५ च्या सुमारास बिंदूऐवजी एम.आर.आय. चित्रातील गाठीलाच मात्रा बेतण्याचे नियम घातले. टाटा रुग्णालयही सहभागी असलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (२०२१) पाच वर्षांनंतर ९२ टक्के स्त्रियांमध्ये रोग मूळ जागी आटोक्यात होता.

एम.आर.आय. महाग. टाटाच्या डॉक्टरांनी पोटावरून केलेली सोनोग्राफीही त्याच्याशी ताडून पाहिली. सडक अर्जुनीहून नागपूरचा रस्ता धरणाऱ्या बाईसाठी मला हेच काम अधिक मोलाचे वाटते.